धुऱ्यावरचं मारवेल

हे आत्ताच सांगा लागते. निंदणाच्या बाया धुऱ्यापासून पाच ओळी दूर हायेत, मी धुऱ्यावर, म्हंजे वावराच्या बांधावर, बसून टाइप करून राह्यली, आन् त्या इथं पोहोचाच्या आत मले ठरवा लागते का तोंड उघडाचं का नाई.

आमच्या घरी एक गाय हाय. तिचा हिरवा चारा आई कॅनॉलवरून डोक्यावर आणते. आईचा गुडघा गेला हाय. म्हणून दोन वर्षाआधी म्या मामाच्या कुरणातून मारवेलचे ठोंब आणले, ओल्या पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर ठेवून, आन् या धुऱ्यावर लावले. मारवेल म्हंजे आपलं इकडचंच गवत. एकदा लागलं का दरसाल कापा, बुडातून पुन्हा येते. मामा म्हणे, "पानं पाहून फसशीन. गाठ पाह्यजो. गाठीवर पांढऱ्या केसाइचं कडं असलं तं मारवेल, नाई तं कचरा समज."

दोन उन्हाळे म्या हापशीचं पाणी बकेटीनं नेलं. कॉलेजातून याचं, बॅग फेकाची, बकेट उचलाची. खांदे असे दुखे का वेणी घालाले हात वर जाये नाई. पण यंदा ठोंब पसरले. आई म्हणाली, "दिवाळीपासून कॅनॉलवर जाणं बंद." एवढंच. मी आठ दिवस हवेत!

मंग गेल्या महिन्यात गुडघा दाखवाले आम्ही दोघी सावंगीच्या दवाखान्यात गेलतो. त्याच दिवशी आमच्या वावरात निंदण. आमच्यात पाळी असते, आज आई त्याइच्या वावरात, उद्या त्या आमच्या. सांजच्याले ऑटोतून उतरलो तं धुरा काळा. साफ. एक काडी नाई.

त्याइच्यातली मोठी, तिले सगळे मावशी म्हणतात, कंबरेवर हात ठेवून उभी. "पाह्य वो, किती गवत माजू देलतं! तुह्या मायले वाकता येत नाई, आन् तू मोबाइलात. म्हटलं, जाऊ दे, आपणच करून देऊ."

"पोरगी शिकून राह्यली ना, तिले गवत दिसत नाई," दुसरी हासली.

मी बोलणारच होती. आईनं माह्या हाताले चिमटा घेतला. "लय बेस केलं बायाहो," म्हणाली, आन् च्या ठेवला. दिवसभर निंदून वरून धुरा करून देला, तोही तिच्या गुडघ्यापायी. त्याइले काय म्हणाचं?

त्या गेल्यावर आई उलट्या घमेल्यावर बसली. ढिगात हराळी, कुंदा, मारवेल, सगळं एकात एक, उन्हानं मऊ पडलेलं. आईले बारीक केस दिसत नाईत, तं ती एक-एक गाठ ओठाले लावून पाहे. "हे गुदगुल्या करते, ठेव. हे गुळगुळीत, फेक." अंधार पडेपर्यंत चौदा ठोंब मुळासकट भेटले. तेच पुन्हा लावले. "मावशीले सांगू नको बरं," ती म्हणाली. कॅनॉल काई सुटला नाई. आताही तिकडंच गेली, गुडघ्याले पट्टा बांधून.

चौदातले नऊ जगले. थांबा, आल्या त्या.

झालं. सांगून टाकलं.

"मावशी, इथं खुरपं नको. हे लावलेलं हाय."

"गवत कोणी लावते का वो?"

म्या एक काडी तोडून तिची गाठ मावशीच्या ओठाले लावली. ती मांगं सरकली, मंग स्वतःच हातात घेऊन पुन्हा लावून पाह्यली. मंग धुऱ्याकडे पाह्यलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. समजलं तिले.

"तवा काऊन नाई बोलली?"

"आई नको म्हणे."

"तुही माय तशीच! कोणी घर पाडलं तरी म्हणन, लय बेस केलं."

मंग साडीवर घातलेल्या जुन्या शर्टाची बाही फाडली तिनं, तुरीच्या काड्याइले चिंध्या बांधल्या आन् एकेका ठोंबापाशी रोवल्या. नऊ.

आई आली का पयले चिंध्या दिसतीन, मंग माह्यी खैर नाई. आन् नऊ ठोंबातून भारा होत नाई, म्हंजे अजून दोन उन्हाळे बकेट, अजून दोन वर्षं कॅनॉल. लय थकली मी. तुमच्याइकडे झालं काय असं? कोणी मायेनं येऊन तुमचं लावलेलंच उपटून देलं, आन् तुम्ही त्याइले च्या पाजला?