चित्राखालचा मोबाईल नंबर

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. मुळशीत जमिनींना भाव आल्यापासून सख्खे भाऊ एकमेकांच्या डोक्यात कुऱ्हाड घालतानाही पाहिले. ते सांगताना जीभ अडखळत नाही. ही तर एका प्राथमिक शाळेची लहानशी केस, पण आजवर मी ती घरीसुद्धा धड सांगितलेली नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. घोटावड्याच्या बाजूच्या एका छोट्या गावातली चौथीतली मुलगी, तिचे आईवडील आणि तिच्या वर्गाच्या बाई सकाळी ठाण्यात आल्या. मुलीची आई दुपारी शेतात असायची, मोबाईल घरी मुलीपाशी. त्यावर एक माणूस फोन करत होता. मी तालुक्याचा कॉम्प्युटरचा सर, तुझी निवड झालीय, तुझे फोटो पाठव, आणि आईला यातलं काही सांगू नको, असं तो म्हणायचा.

बाई तरुण होत्या, नोकरीला तीनच वर्षं झालेली. एका कारखान्यानं दिलेल्या दोन जुन्या संचांवर त्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांनी वर्गात पक्कं बजावलं होतं, की 'आईला सांगू नको' असं जो म्हणेल त्याचंच सगळ्यात आधी सांगायचं. मुलीनं नेमकं तेच केलं, बाईंना येऊन सांगितलं. आईबाप अब्रूला भिऊन गप्प बसणार होते. बाईंनीच समजूत घालून त्यांना ठाण्यापर्यंत आणलं होतं.

मुलीचे वडील म्हणाले, "साहेब, त्याला पोरीचं नाव, यत्ता, गाव, समदं ठावं हाय. आमी कुनाला नंबर दिल्याला न्हाई. शाळंतनंच गेलाय त्यो."

गुन्हा दाखल केला. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेतल्या आणखी दोन मुलींच्या घरी असेच फोन आल्याचं कळलं. झालं, माझं पोलिसी डोकं सुरू झालं. तिन्ही मुली एका वर्गातल्या, आणि पालकांचे नंबर असलेलं रजिस्टर बाईंच्या ताब्यात. जो तक्रार घेऊन येतो त्यालाच आधी तपासा, हे आम्ही नव्या पोरांना शिकवतो. शिकवण वाईट नाही, पण मी ती डोळे मिटून वापरली.

मी शाळेत जीप पाठवली आणि वर्ग चालू असताना बाईंना उचलून आणलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम मला पाठ होता. तरी ठाण्यात महिला अंमलदार बाजूला बसवली आणि चार तास प्रश्न विचारले. रजिस्टर कुणाला दाखवलं, घरी कोण येतं, कुणाशी बोलणं असतं. नवऱ्यापासून वेगळ्या का राहता, हेही विचारलं, ज्याचा केसशी काडीचा संबंध नव्हता. मधे दोनदा त्या म्हणाल्या, "साहेब, महिन्यापूर्वी तुम्ही शाळेत चित्रकला स्पर्धा घेतली होती ना, तिचा..." दोन्ही वेळा मी त्यांना तोडलं. "विचारलं तेवढंच सांगा," म्हणालो. तेव्हा मला हा माझा दरारा वाटला होता.

हाती काही लागलं नाही, संध्याकाळी सोडून दिलं. पण आपल्याकडे एकदा पोलिसांची जीप माणसाला घेऊन गेली की गाव निकाल लावून मोकळं होतं. शाळा समितीनं बाईंचा कॉम्प्युटरचा तास बंद केला, संच कपाटात गेले. दोन घरांनी पोरींचे दाखले मागितले. लग्न मोडलेली बाई, दुसरं काय होणार, असंही बोललं गेलं.

इकडे त्या नंबरच्या कॉलचा तपशील आला, टॉवरवरून ठिकाण कळलं, आणि आठव्या दिवशी भरे गावाजवळच्या एका खोलीतून आरोपी उचलला. शिकलेला, कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर, बोलायला गोड. नंबर कुठून मिळवलेस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमच्याच फेसबुकवरून."

त्याच्या मोबाईलमध्ये फोटो निघाला. 'ऑनलाइन सुरक्षा' या विषयावर आम्ही घेतलेल्या त्याच स्पर्धेचा. मधोमध मी हार घालून उभा, आजूबाजूला पोरं चित्रं धरून. प्रत्येक चित्राखाली ठळक अक्षरात नाव, इयत्ता, गाव आणि पालकांचा मोबाईल नंबर. तसं लिहायला मीच सांगितलं होतं. आम्हा पोलिसांना नाव, गाव, नंबर नसलेला कागद कागदच वाटत नाही. फोटो ठाण्याच्या पानावर टाकायचा हुकूमही माझाच.

पंचनामा लिहिताना ठाण्याच्या रायटर हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "समाजमाध्यमावरून प्राप्त, एवढंच लिही." मग पानावरचा फोटो काढून टाकला. खरं सांगतो, त्या दिवशी त्या आरोपीच्या डोळ्याला डोळा भिडवायची माझी लायकी नव्हती.

शाळा समितीच्या बैठकीला मी गेलो. बाईंचा काही दोष नाही, आरोपी पकडलाय, असं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग नंबर गेला कुटनं?" मी म्हणालो, "तो तपासाचा भाग आहे, सांगता येत नाही." बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यांना सगळं माहीत होतं, आणि मला ते समजलं होतं. तरी मी चहा घेऊन निघून आलो.

निवृत्त झालो, सत्कार झाला, भाषणं झाली. मला झोप येईना म्हणून एक दिवस त्या शाळेत गेलो आणि बाईंची माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संच परत बाहेर काढलेत, साहेब. समितीही आता बोलत नाही. पण पोरी मला काही सांगत नाहीत. त्याच मुलीला परवा पुन्हा कुणाचे तरी मेसेज आले. तिनं कुणाला सांगितलं नाही, आईनं पाहिलं म्हणून कळलं. का गप्प बसलीस विचारलं, तर म्हणते, मागं मी सांगितलं आन् बाईंना पोलिसांनी नेलं."

हे ऐकून मी तसाच वर्गात गेलो. मुलगी आता पाचवीत होती. सगळ्या वर्गासमोर सांगितलं, की तुमचे नंबर माझ्या चुकीनं बाहेर गेले, बाईंची चूक नव्हती, आणि सांगणाऱ्या मुलीनं तर फार चांगलं काम केलं होतं.

मुलीनं नीट ऐकून घेतलं. मग उभी राहून विचारलं, "मंग तुमाला कुनी नेलं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

ती खाली बसली. बाईंनी फळ्याकडे वळून धडा पुढे सुरू केला, आणि मी दारात चपला शोधू लागलो.