कुमुदताईंनी तानपुरा धरला ती संध्याकाळ

कुमुदताई शेवडे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीतून झाली. परभणीहून लग्न होऊन मी रहाटणीला आले होते. आमच्या बचत गटाच्या आरोग्य शिबिराची सूचना द्यायला गटातल्या बायकांनी मला इथल्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर पाठवले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचे ते केंद्र. कागदावरचा मजकूर मी नीट वाचला, पण शेवटी राहवले नाही म्हणून पदरचे एक वाक्य घातले, "सगळ्या जणी या बरं का, आम्ही वाट बघायलोत." काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे दोघे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मागच्या खुर्चीवर सुती साडी नेसलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्या दोघांना त्या म्हणाल्या, "हसण्यासारखं काय आहे त्यात? हे ऐकून मला त्या शिबिराला जावंसं वाटलं. तुमच्या निवेदनानं तसं कधी वाटलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सकाळी वेळ असतो का तुला? निवेदन शिकशील? फक्त बोली बदलू नकोस."

या कुमुदताई, आमच्या केंद्राच्या कार्यक्रमप्रमुख. चिंचवडच्या एका शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत संगीत शिकवले आणि नंतर विनामोबदला केंद्राचे काम अंगावर घेतले. यंदा त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात त्यांचे विद्यार्थी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली निवेदन शिकले. तेव्हा मी पाहिलेल्या एका आठवड्याविषयी लिहिते.

केंद्रावर पहाटे अर्धा तास शास्त्रीय संगीत लागे. त्याची अवस्था फार वाईट होती. ख्याल रंगात आला की जाहिरातीची वेळ होई आणि गाणे मधेच कापले जाई. ताई त्या वेळी रेडिओ बंद करून टाकत. तीन वर्षांपूर्वी केंद्राच्या समितीने तो अर्धा तासही बंद करायचे ठरवले. समितीचे अध्यक्ष सोपानतात्या हे इथल्या जुन्या गावकरी घराण्यातले, मनाने मोकळे. बैठकीत ते म्हणाले, "ताई, तुमचा मान हाय, पण ऐकतंय कोण? चाकणची पोरं कंपनीतून दमून येत्यात. त्यांना दोन गाणी पाहिजेत."

ताई शांतपणे म्हणाल्या, "त्यांना कधी नीट ऐकवलंय का आपण? मला एक आठवडा द्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, ज्या त्या वेळेचा राग, आणि एकही गाणं मधे कापायचं नाही. त्यानंतरही तुम्हाला वाटलं, तर मी स्वतः बंद करते."

"सबंध आठवडा?" तात्यांनी विचारले.

"सबंध."

तात्यांनी होकार दिला.

ताईंनी तयारी सुरू केली. शिफ्टचे वेळापत्रक समोर ठेवून त्यांनी कार्यक्रम आखला. पहिल्या शिफ्टला निघणाऱ्यांसाठी ललत आणि भैरव, दुपारी घरी असणाऱ्या बायकांसाठी सारंग, दुसऱ्या पाळीच्या लोकांनी बसमध्ये ऐकावा म्हणून भीमपलास. प्रत्येक रागाआधी मी आमच्याच भाषेत चार वाक्ये बोलायची. मी 'करुणरसप्रधान' वगैरे लिहून नेले की ताई तो शब्द खोडून म्हणत, "तुझ्या सासूला सांगतेस असं सांग."

सोमवारी आठवडा सुरू झाला आणि दुपारीच चाकणहून एका तरुणाचा फोन आला. तो चिडलेला होता. "हे काय चाललंय राव सकाळपासून? ओव्हरटाइम करून आलोय, दोन गाणी ऐकावी म्हटलं तर डोकं उठलं." मी गडबडले. ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"जेवलात का?" त्यांनी विचारले.

"बसतोच आहे आता."

"तुमची गाणी आम्ही आठवडाभर काढून घेतली, हे खरं आहे. पुढच्या सोमवारी परत मिळतील. तोवर यातलं काही बरं वाटलं तर कळवा. नाही वाटलं तरी कळवा."

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही नीट बोललात."

गुरुवारी त्याचा पुन्हा फोन आला. बाकी काही आवडले नाही, पण दुपारची बासरी बरी होती, असे त्याने सांगितले. ताईंना या फोनचा इतका आनंद झाला की त्यांनी तो सगळ्यांना सांगितला. समोरच्याला आवडलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह कधीच नसतो. त्याने ऐकावे आणि खरे सांगावे, एवढेच त्यांना हवे असते.

आठवड्याची सांगता शनिवारी संध्याकाळी आमच्या स्टुडिओतून थेट प्रसारित होणाऱ्या गायनाने होणार होती. बाहेरगावच्या एक ज्येष्ठ गायिका येणार होत्या. बुधवारी त्यांच्या घरून निरोप आला की त्या आजारी आहेत, प्रवास जमणार नाही. आम्ही हवालदिल झालो. सोपानतात्या म्हणाले, "ताई, आता दुसरं कोन कशाला? तुमीच गा."

ताई एके काळी मैफली करत. पुढे त्यांनी घशाचे कारण सांगून जाहीर गाणे थांबवले होते. तात्यांच्या बोलण्यावर आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. ताईंनी मात्र नकार दिला. मग म्हणाल्या, "माझ्याआधी जिचा हक्क आहे अशी एक बाई आळंदीला राहते. सविता, उद्या माझ्याबरोबर चल."

वाटेत बसमध्ये त्यांनी मला सगळे सांगितले. हे इथे लिहू की नको, म्हणून मी ताईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "लिही. गौरव करायचाच असेल तर सगळ्या बाईचा कर. निवडक बाईचा नको." निर्मलाताई भोईटे यांनीही परवानगी दिली, म्हणून लिहिते.

कुमुदताई आणि निर्मलाताई एकाच गुरुजींच्या शिष्या. गुरुजींच्या शेवटच्या आजारपणात त्यांचे सगळे निर्मलाताईंनी केले. त्या पडून असलेल्या माणसाने काही बंदिशी फक्त त्यांनाच दिल्या. गुरुजी गेल्यावर स्मृतिसभा झाली. तिथे गाण्यासाठी आयोजकांनी कुमुदताईंना बोलावले. निर्मलाताईंना साधा निरोपही गेला नाही. कुमुदताई गायल्या, त्यांचे नाव झाले. निर्मलाताई त्यानंतर त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत आणि मैफलीतही कधी दिसल्या नाहीत.

आळंदीला इंद्रायणीजवळच्या एका बोळात निर्मलाताईंचे घर. तिथे त्या कीर्तन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना गायन शिकवतात. दार त्यांनीच उघडले.

"कशाला आलीस?" निर्मलाताईंनी विचारले.

"शनिवारी रेडिओवर गाशील का, हे विचारायला."

"कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडलं असणार."

"हो," ताई म्हणाल्या. "पण तुझं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

"म्हणजे मी बदली कामगार."

ताई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "निर्मला, त्या सभेच्या वेळी तुला निरोप गेला नसावा, अशी मला शंका होती. मी आयोजकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं काय ते कळलं असतं, आणि मग मला गाता आलं नसतं. मला गायचं होतं."

आत विद्यार्थ्यांचा रियाज चालू होता. निर्मलाताईंचा चेहरा तसाच कठोर राहिला. त्यांनी आम्हाला आत या म्हटले नाही. फक्त विचारले, "तानपुऱ्यावर कोण?"

"मी."

"माझ्या मागे बसशील?"

"बसेन."

"बघते. सांगते," असे म्हणून त्यांनी दार लोटले.

ज्यांना हे क्षेत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गायकाच्या मागे तानपुरा घेऊन त्याचा शिष्य बसतो. बरोबरीचा कलावंत तिथे सहसा बसत नाही. आणि ताई तर निर्मलाताईंहून वयानेही, शिष्यत्वानेही मोठ्या. परतीच्या बसमध्ये ताई खिडकीबाहेर पाहत होत्या. उतरताना त्या एवढेच म्हणाल्या, "नाही म्हणाली तरी ते बरोबरच असेल."

शुक्रवारी दुपारी केंद्रावर फोन आला. "सूर्य मावळायच्या वेळी पूरिया धनाश्री गाईन. मधे जाहिराती नकोत." एवढे बोलून निर्मलाताईंनी फोन ठेवला.

जाहिरातींचा प्रश्न उरलाच होता. एका गृहप्रकल्पाची जाहिरात नेमकी त्याच वेळी लावायचे आधीच कबूल केलेले होते. तात्या अडचणीत आले. "आमी काय सांगायचं त्यांला? न्हाई म्हणून?"

"गाण्याआधी लावू, गाण्यानंतर लावू," ताई म्हणाल्या. "मधे नाही. ते रागावले तर माझं नाव सांगा, मी जाऊन भेटते."

आणि त्या खरोखरच भेटून आल्या. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. जाहिरात मात्र गाण्याआधी लागली.

शनिवारी निर्मलाताई वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. तबल्याला दापोडीचे सलीमभाई होते. त्यांचे स्पेअर पार्टचे दुकान आहे आणि ताईंच्या शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला त्यांनी साथ केलेली. स्टुडिओत दाटीने बसावे लागले. ताईंनी तानपुरा उचलला, निर्मलाताईंच्या उजव्या खांद्यामागे मांडी घातली आणि सूर लावून दाखवला. निर्मलाताई मागे न वळता म्हणाल्या, "पंचम चढलाय." खरे तर पंचम चढलेला नव्हता, असे सलीमभाई नंतर मला म्हणाले. ताईंनी मात्र निमूटपणे तार पुन्हा लावली.

निवेदनात आपले नाव घ्यायचे नाही, असे ताईंनी मला बजावले होते. मी निर्मलाताईंचा आणि सलीमभाईंचा परिचय दिला आणि बाजूला झाले.

सुरुवातीला निर्मलाताईंचा आवाज जड होता. षड्ज लागे आणि निसटे. एकदा त्या खोकल्या, थांबल्या. काचेपलीकडे तात्या अस्वस्थ झालेले मला दिसले. ताईंचा हात मात्र थांबला नाही. तानपुरा त्याच लयीत चालू राहिला. हळूहळू त्या सुरावर निर्मलाताईंचा आवाज टेकला. मग त्यांनी तीव्र मध्यमावरून वर पाहिल्यासारखा निषाद लावला, आणि खोलीतली सगळी माणसे स्तब्ध झाली. ती बंदिश गुरुजींनी फक्त त्यांना दिलेली होती. कुमुदताईही ती पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. पुसायला हात मोकळा नव्हता.

गाणे संपले. समारोपासाठी मी ध्वनिक्षेपकाकडे सरकले, तेवढ्यात निर्मलाताईंनी हाताने मला थांबवले आणि त्या स्वतःच बोलल्या, "निवेदनात एक नाव राहिलं. तानपुऱ्यावर माझी गुरुबहीण होती, कुमुद शेवडे."

ते वाक्य सगळ्या पिंपरी-चिंचवडने ऐकले.

पुढच्या बैठकीत तात्यांनीच प्रस्ताव मांडला. पहाटेचा अर्धा तास राहिला आणि रविवारी संध्याकाळचा एक तास नव्याने मिळाला. केंद्राची बाकीची वेळ सिनेमाच्या गाण्यांना परत गेली, आणि ताईंना त्याचे काही वाईट वाटले नाही. आता तिथे कुठलेही गाणे कापले जात नाही, सिनेमाचेसुद्धा नाही. तो ताईंनी घातलेला नियम आहे.

त्यांच्या मायेचा एक अनुभव सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. गेल्या वर्षी माझ्या यजमानांचा हात कंपनीत प्रेस मशीनमध्ये सापडला. मी कितीतरी दिवस दवाखान्यातच होते. माझा सकाळचा कार्यक्रम दुसऱ्या कुणाला तरी द्यावा, असे समितीत निघाले. ताईंनी तो स्वतः चालवला, आणि रोज सुरुवातीला सांगितले, "हा कार्यक्रम सविता लोंढे यांचा आहे. त्या परत येईपर्यंत मी बोलते आहे." दवाखान्याच्या व्हरांड्यात एका आयाच्या मोबाइलवर मी ते ऐकले. यजमानांची तीन बोटे वाचली, मी कामावर परतले, आणि माझी खुर्ची माझीच होती.

त्या दोघींचे सगळे मिटले, असे मी म्हणणार नाही. निर्मलाताई आजही एखाद्या शब्दावरून एकदम गप्प होतात, आणि ताई तो अबोला सोसतात. पण दर गुरुवारी कुमुदताई बस धरून आळंदीला जातात. गुरुजींनी निर्मलाताईंना दिलेल्या बंदिशी त्या शिकत आहेत. विद्यार्थ्यांच्या ओळीत सतरंजीवर बसतात आणि चुकल्या की बोलणी खातात. मागच्या महिन्यात मी सोबत गेले होते. निर्मलाताई मला म्हणाल्या, "स्थायी आली आहे हिला, कशीबशी. अंतरा यायला अजून बरीच वर्षं लागतील."

ताई मान खाली घालून हसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागल्या.

ती सगळी वर्षे कुमुदताईंना मिळोत. त्यांचा श्वास पुरेसा राहो, आळंदीची बस चढायला गुडघे साथ देवोत, आणि शिकवणाऱ्या निर्मलाताईंनाही तितकेच आयुष्य लाभो. अंतरा सावकाश येऊ दे.