ह्याला सांगायचं न्हाई

बाई आधी मारायच्या आणि मग नाव विचारायच्या. लातूरला ट्यूशनवाल्या भागात त्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या रेक्टर होत्या, आणि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याच गल्लीत. पहिल्यांदा त्यांचा प्रिंटर बघायला गेलो, तर फाटकाच्या आत पाऊल पडतंय तोच माझ्या कानाखाली जाळ निघाला.

"आता बोल. कोन तू? पोरींच्या होस्टेलात कामून शिरला?"

मी गाल धरून सांगितलं, प्रिंटरवाला.

"मग आधी बोलाया काय झालतं? ये, चहा घे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो, पण चहाही प्यावासा वाटतो. बाईंचा हात माणसावर उठायचा तसाच वस्तूंवरही. पंखा अडला की काठी, कपाट अडलं की लाथ. एक टारगट पोरगं मोटरसायकलवरून वसतिगृहाला घिरट्या घालायचं. बाईंनी एके दिवशी वीट घेऊन त्याच्या गाडीचा दिवा फोडला आणि तीच वीट हातात धरून विचारलं, "आता कोनाला बगून राहिलास?" मुलींनाही मार बसायचा, ताटात अन्न टाकलं तर हमखास. तरी ताप आला की प्रत्येकीला बाईच जवळ हव्या असायच्या.

दर शनिवारी प्रत्येक मुलीचे चाचणीचे गुण आणि हजेरी त्या घरी ईमेलने पाठवायच्या. परीक्षेच्या अर्जासाठी घरोघरी ईमेल काढलेलं असायचंच. फोन का नाही करत, असं मी विचारलं होतं. "फोनवर बाप लोक भांडतेत. मंग माज्या तोंडातून शिव्या निगतेत. लिवताना न्हाई निगत."

ईमेलच्या पत्त्यांना त्यांनी दिलेली नावं वाचून मला हसू आवरत नसे. 'किल्लारीचे वडील, मार्क कमी आले की चिडतात.' 'उमरीची आई, रडते, गोड लिहायचं.' आणि एकाखाली एक दोन पत्ते: 'देवणीची आई, हिलाच सांगायचं' आणि 'देवणीचा काका, ह्याला सांगायचं न्हाई'.

देवणीच्या त्या मुलीला वडील नव्हते. काकानेच तिला इथे आणून घातलं होतं आणि मग वर्षाच्या मध्येच तिचं लग्नही ठरवलं होतं. मुलगी नको म्हणाली तेव्हा त्याने तिला गोठ्यात कोंडून वेताने मारलं. आईने तिला चोरून बाहेर काढलं, नांदेडला बहिणीकडे पाठवल्याचं घरात सांगितलं आणि गुपचूप पुन्हा बाईंच्या हवाली केलं. काका एकदा चौकशीला आला होता. बाईंनी त्याला फाटकातूनच वाटेला लावलं. मी म्हणालो, त्याचा पत्ता पुसून टाकू का? "नको. पुसला तर इसरून जाईन. लिवलेलं डोळ्यापुढं ऱ्हातंय."

जुना कॉम्प्युटर मार खाऊन खाऊन थकला, तेव्हा नवा आला. शनिवारी संध्याकाळी मी सगळे पत्ते नव्यावर आणले. पत्ते आले, पण मराठीत लिहिलेली नावं आली नाहीत. प्रत्येक नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग. मी म्हणालो, "बाई, जुन्यात सगळं शाबूत आहे. उद्या सकाळी नीट करून देतो. तोवर काही पाठवू नका."

त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की कप खाली पडून फुटला. "गुन आजच जायाला पायजेत. आया वाट बगत असत्यात. पत्ते मला पाठ हायत, तू जा."

सकाळी मी नावं परत आणली. पाठवलेली पत्रं एकदा तपासून घेऊ म्हणून बाई माझ्या शेजारी बसल्या. देवणीचे दोन्ही पत्ते एकाच आडनावाने सुरू होत होते. मुलीचे गुण काकाला गेले होते. गुणांखाली हजेरी होती: आठवडाभर हजर.

बाईंना घाबरलेलं मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी आईला फोन लावला. तो वाजत राहिला, कोणी उचलला नाही. मग त्या जिन्याशी जाऊन ओरडल्या, "पोरींनो, कड्या लावा!" आणि फाटकाशी जीप थांबली.

काका आणि त्याच्याबरोबर दोघं. काकाच्या हातात लोखंडी पाइप. बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि सवयीप्रमाणे आधी त्यांनीच मारलं. त्याने पाइप घातला तो त्यांच्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. बाईंनी डाव्या हाताने त्याची कॉलर धरली आणि त्याचा कान दातांत पकडला. दुसरा फटका डोक्यात बसला, रक्त डोळ्यांवर आलं, तरी त्या सोडेनात. मी एकाला मागून मिठी मारली आणि त्याच्या कोपराने माझा ओठ फाटला. तेवढ्यात वरच्या कड्या निघाल्या आणि मुली खाली आल्या. बादल्या, झाडू, हाताला येईल ते. एकीने आंघोळीचं उकळतं पाणी काकाच्या पाठीवर ओतलं. तो गुरासारखा ओरडला. पोलीस आले तेव्हा त्यांना आधी मुलींनाच आवरावं लागलं.

मुलगी वाचली. पण काका आधी घरी गेला होता. तिथे त्याने मुलीच्या आईला एवढं मारलं होतं की तिचा एक डोळा गेला.

दवाखान्यात मी बाईंना म्हणालो, "मशीनचं चुकलं."

"मशीनचं न्हाई. घाई माजी होती. तिचा डोळा माज्या हातानं गेला." आणि त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

वसतिगृहाचं नाव खराब झालं म्हणून मालकाने त्यांना काढून टाकलं. जाताना त्या मायलेकींना सोबत घेऊन निघाल्या. मी विचारलं, कुठे? "तुला न्हाई सांगायचं," एवढंच म्हणाल्या. मला फार लागलं ते. ज्या बाईसाठी मी ओठ फोडून घेतला, तिने मला परका ठरवावं? कितीतरी दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो.

पुढे काका जामिनावर सुटला आणि एके दुपारी माझ्या दुकानात आला. त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"कुटं हायत त्या?"

"माहीत नाही."

त्याने स्टूल उचलून माझ्या बरगड्यांत घातलं. तुम्हाला खरं सांगतो, मी काही शूर माणूस नाही. पहिला फटका मी कसाबसा सोसला. दुसऱ्याला मी गाव, गल्ली, दाराचा रंगसुद्धा सांगून टाकला असता. बाईंनी मला नीट ओळखलं होतं. तो मारत राहिला, विचारत राहिला, आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.