एक काना कमी

आळीत तिला सगळे झेलकरीण म्हणत. तिच्या हातून काही पडत नसे आणि दुसऱ्याच्या हातून पडलेलंही जमिनीपर्यंत पोचत नसे. टेबलावरून घरंगळलेली वाटी, खाटेवरून कलंडलेलं बाळ, सगळं तिनं वरच्यावर झेललेलं. आणि दैवाची थट्टा बघा, अशी बाई दिली ती काचवाल्याला! काचेच्या धंद्यात झेलणाऱ्याचेच हात कापले जातात.

मोठी काच दोघांनी न्यावी लागते. ती नवरा आणि दीर न्यायचे, हिचा संबंध डबा देण्यापुरता. अचानक दिराला परगावी नोकरी लागली आणि तो गेलासुद्धा. कामं तर अंगावर घेतलेली. बाहेरचा माणूस टिकेना. नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, कारण ऐन उमेदीत त्यानं एक निसटती काच धरली होती. "मी येते," ती म्हणाली खरी, पण म्हणताक्षणी तिला भीती वाटली. ती भीती मग कामावर रोज तिच्यासोबत यायची.

नवऱ्यानं शिकवलं, "काच निसटली की हात उघडायचे आणि भिंतीला चिकटायचं. काच दुसरी मिळते." काच जागेवर टेकली की एकानं 'सोड' म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय दुसऱ्यानं हात काढायचा नाही, आणि ऐकल्यावर ठेवायचा नाही.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सोडा."

"सोडा काय? बाटली फोडायचीय? सोड म्हण. हातांना काना कळत नाही."

"अहो, नवऱ्याला अरेतुरे करू? सासूबाई काय म्हणतील?"

"आई काय जिन्यात येऊन बसलीय?"

तरी तिची जीभ रेटेना. ती 'सोडा' म्हणायची आणि त्याचे हात दर वेळी जरासे उशिरा निघायचे. ते बघून तिला धडकी भरायची.

घरी सासूबाई तिची तालीम घेत. मुद्दाम स्टीलचा पेला पाडत आणि म्हणत, "पडू दे." पेला हिच्या मुठीत! "कुत्र्याचं शेपूट मेलं," म्हणून सासूबाई हसत. एकदा मात्र हसता हसता थांबल्या. "अगं, त्याचा एक हात अर्धा गेलाय. दुसरा तेवढा सांभाळ." त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. आपण झेलू आणि आपल्यापायी तोही धरायला जाईल, एवढंच डोळ्यांपुढे येई.

एके दिवशी काच न्यायची होती तो दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद. ती वरच्या बाजूला, उलटी पायऱ्या चढत होती. तो खाली, काचेचा भार घेऊन. वळणावर तिचा घामेजलेला हातमोजा सरकला आणि काच निसटली.

हात पुढे गेलेच. पण सासूबाईंचं ते बोलणं आठवलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं हात मागे घेतले. काचेची कड पायरीवर आपटली, वरपासून खालपर्यंत तडा गेला. सुटलेला तुकडा खाली सरकू लागला, सरळ त्याच्या मनगटांकडे. आणि नियम शिकवणारा तो शहाणा खालून काच घट्ट धरून उभा! डोळे विस्फारलेले, बोटं आवळलेली.

'अहो' तिच्या घशात आलं आणि तिथंच राहिलं.

"सोड!"

सगळा जिना दणाणला. त्याच्या मनाला काही कळायच्या आत हात उघडले. तो भिंतीला चिकटला आणि काच त्याच्या पोटाला वारा घालत खाली गेली.

आवाज थांबल्यावर ती पायरीवरच बसली. डॉक्टरांनी दार उघडून "कुणाला लागलं का?" विचारलं. नवरा काचा चुकवत वर आला आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. तिनं ते उलटेपालटे करून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग ती रडली.

तो शेजारी बसला.

"काय गं, काना कुठे गेला?"

तिनं त्याचा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता.

"पडला," ती म्हणाली. "मी नाही झेलला."