एअरबॅगचा दिवा आणि मंगलची किल्ली

माझं दुकान पाण्याच्या मोटारींचं. बोअर आटला की माणूस दुकानात येतो, मोटार घेत नाही, चहा घेतो आणि एक किस्सा ठेवून जातो. दुष्काळाच्या त्या लागोपाठच्या उन्हाळ्यांत मोटारी जागच्या हलल्या नाहीत, किस्स्यांना मात्र रॅक पुरेना. त्यातले बरेचसे आमच्याच घरचे निघाले, आणि तेही आमच्या गाडीतल्या एका दिव्याचे.

शहर तेव्हा पडेगावच्याही पुढं पळत सुटलं होतं. आम्ही तिथं घर बांधलं. शेजारी जोशीसाहेबांनी बांधलं, समोर रफीकभाईंनी. लेआउटच्या नकाशात एक निळी रेघ होती, ती पाण्याची लाइन. रेघ नकाशातच राहिली. वापरायला टँकर, आणि प्यायला फिल्टर प्लांटवरून जार भरून आणायचे. मी दिवसभर दुकानात, मुलगा पुण्यात. मग माझी बायको मंगल पन्नाशीत गाडी शिकली आणि तिन्ही घरांचे जार आणायला लागली.

जोशी सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. मंगलनं गाडी बाहेर काढली की ते गेटवर हजर. "वहिनी, क्लच पूर्ण दाबा. वहिनी, वळताना आरशात बघा. वहिनी, एवढी घाई कशाला?"

एकदा मंगलनं काच खाली केली. "भावजी, तुमचा जार आज घरीच ठेवू का?"

त्या दिवशी गाडी सूचनांशिवाय गेली.

*

अशात एक दिवस डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढं फुगलेला गोळा, असं चित्र. एअरबॅगचा दिवा.

जोशींचं निदान तयार होतं. "खड्ड्यात आदळली असणार. मी म्हणतच होतो. शेठ, हा दिवा लागला म्हणजे ठोकल्यावर बॅग उघडेलच असं नाही. नवशिक्या हातात अशी गाडी? किल्ली काढून घ्या."

एवढ्यावर न थांबता त्यांनी पुण्याला आमच्या मुलाला फोन लावला. मुलाचा मला. "बाबा, आईला त्रास कशाला? गाडी विकून टाका. पाणी ऑनलाइन मागवा."

आमच्या लेआउटचा पत्ता अजून कुठल्या ॲपला सापडत नव्हता, हे त्याला कोण सांगणार.

पण दिव्याबद्दल जोशी बोलले ते खरं होतं. मंगललाही ते पटलं. "दिवा जाईपर्यंत मी चालवणार नाय," ती म्हणाली. "पण किल्ली माझ्याजवळ राहील." आणि तिनं किल्ली कमरेला खोचली. गेली असती तर परत मिळाली नसती, हे तिला माहीत होतं. मलाही.

*

शोरूमला गाडी मी नेली, मंगल शेजारी. टाय लावलेल्या पोरगेल्या सल्लागारानं लॅपटॉप जोडला. "ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या सर्किटमध्ये फॉल्ट आहे. वायरिंग आणि कंट्रोल युनिट, दोन्ही बदलून टाकू."

मंगलनं विचारलं, "सीटखाली बघितलं का?"

"मॅडम, स्क्रीनवर आलंय ना."

"स्क्रीन सीटखाली वाकली होती का?"

त्यानं मोर्चा माझ्याकडं वळवला. "सर, घरी काही खोलू नका. वॉरंटी जाईल."

"ती मागच्याच उन्हाळ्यात गेली," मी म्हणालो. "बोअरच्या पाण्यासंगं."

मी कॉलेजात गेलेलो नाही. मोटारींच्या खोक्यात येणारी पत्रकं वाचून जेवढं इलेक्ट्रिकल येतं तेवढंच माझं शिक्षण. त्यावर एवढं कळतं की न बघता बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करावा आणि निघावं. आम्ही निघालो.

*

वाटेत जुन्या गाड्यांचा एक दलाल भेटला, माझ्या ओळखीचा. त्यानं डॅशबोर्डकडं बघून हात झटकला. "शेठ, लई सोपं काम हाय. मीटर खोलतो, दिव्याचं कनेक्शनच तोडून टाकतो. विकायच्या गाड्यांचं मी असंच करतो. गिऱ्हाईक खूश."

मंगलनं गोड आवाजात विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी गाडी हाय का?"

"व्हय की, मोठी हाय."

"तिचाबी दिवा तोडलाय?"

"नाय वहिनी. ती घरची हाय ना."

"मग हीबी घरचीच हाय," मंगल म्हणाली आणि काच वर केली.

*

रफीकभाईंचं सीट कव्हरचं दुकान. आमच्या गाडीची कव्हरं त्यांनीच शिवलेली. फॉल्ट सीटच्या सर्किटमध्ये आहे कळल्यावर जोशी म्हणाले, "कव्हरनंच काहीतरी दाबलं असणार."

रफीकभाई सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी घरातून कात्री घेऊन आले आणि स्वतःच्या हातची शिलाई टराटरा उसवली. कव्हर जोशींच्या हातात दिलं. "लो जोशीसाब. आता दिवा गेला का बघा."

मंगलनं किल्ली फिरवली. दिवा जसाच्या तसा.

रफीकभाई म्हणाले, "सीट नंगी हो गई, बत्ती को शरम नहीं आई."

पण कव्हरच्या खटपटीत मी सीट मागं सरकवली आणि खालच्या मॅटला हात लागला. मॅट ओली होती. अख्ख्या लेआउटमध्ये ओल असलेली ती एकच जागा!

त्या सीटपुढं रोज जोशींचा जार असायचा. त्याचं झाकण कधीच हरवलेलं, तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर. आम्ही तिघांनी जोशींकडं पाहिलं.

"पाणी माझं असेल," जोशी म्हणाले. "पण ब्रेक वहिनींनी मारला."

*

एअरबॅगशी खेळ करायचा नसतो. फटाक्यासारखा बार उडून ती फुगते, आणि तो बार तोंडासमोर नको असतो. मी किल्ली काढून घेतली, म्हणजे मंगलकडून मागून घेतली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून लांब बांधली आणि उरलासुरला करंट उतरावा म्हणून सगळ्यांना बसवून चहा पाजला. एअरबॅगच्या वायरींना टेस्टर, मीटर काही म्हणता काही लावायचं नाही, हे मी आधीच बजावलं.

काम सुरू झालं तेव्हा जोशी हेल्मेट घालून आपल्या गेटमागं उभे होते. "शेठ, वहिनींना लांब करा!"

वहिनी कुठल्या लांब होणार? माझा हात सीटखाली जात नव्हता, तिचा जात होता. चाचपून तिनं त्या वायरींचं पिवळं सॉकेट ओढून काढलं. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. स्प्रे मारून मऊ ब्रशनं साफ केल्या, पुरत्या वाळू दिल्या, सॉकेट कट्कन बसवलं. बॅटरी जोडताना गाडीत कुणी नव्हतं. मग मंगलनं किल्ली फिरवली.

दिवा लागलेलाच.

गेटमागून आवाज आला, "मी म्हणतच होतो."

रफीकभाईंनी मुकुंदवाडीहून ओळखीचा स्कॅनरवाला बोलावला. त्यानं यंत्र जोडलं आणि म्हणाला, "फॉल्ट गेलाय, त्याची नोंद राह्यलीय. ती पुसावी लागते." नोंद पुसून त्यानं पुन्हा किल्ली फिरवायला लावली. दिवा लागला.

"लागला, लागला," जोशी म्हणेपर्यंत तो विझला.

"काका, चालू करताना तो लागतोच," स्कॅनरवाला म्हणाला. "न लागला तर घाबरायचं." मग मंगलकडं वळला. "ताई, माणसं बसवून खराब रस्त्यानं फिरवून आणा. कनेक्शन ढिलं असंल तर वाटेतच कळंल."

जोशींनी तिथंच जाहीर केलं, "वाटेत दिवा लागला तर किल्ली शेठकडं. कायमची."

"लागला तर मीच देईन," मंगल म्हणाली.

*

रविवारी आम्ही खुलताबादला निघालो. मंगल चालवायला. तिच्याशेजारी जोशी, कारण वजन त्याच सीटवर पाहिजे. मागं मी आणि रफीकभाई. जोशींचा एक डोळा दिव्यावर, दुसरा मंगलच्या पायांवर. खड्डे आले, खडी आली, खोदून ठेवलेला रस्ता आला. दिवा विझलेला तो विझलेलाच. त्यामुळं जोशींच्या सूचना वाढल्या.

दौलताबादच्या जुन्या वेशीतून एका वेळी एकच गाडी जाते. मंगल अर्ध्या कमानीत शिरली आणि समोरून पाण्याचा टँकर आत घुसला. नाकाला नाक. आमच्यामागं जीप, जीपमागं आणखी गाड्या, सगळ्यांचे हॉर्न चालू.

टँकरवाला खिडकीतून ओरडला, "ओ बाई, मागं घ्या की!"

"मी आधी शिरलेय," मंगल म्हणाली.

"वहिनी, हट्ट करू नका," जोशी म्हणाले. "गाडी मागं घेणं ही एक कला आहे. म्हणूनच मी म्हणत होतो, किल्ली तुमच्याकडं नको."

मंगलनं इंजिन बंद केलं. किल्ली काढली, जोशींच्या तळहातावर ठेवली आणि दार उघडून खाली उतरली. "या भावजी. बसा इकडं."

जोशी उतरले, वळसा घालून आले, स्टिअरिंगमागं बसले. वर कमानीकडं पाहिलं. समोर टँकरकडं पाहिलं. आरशात मागची रांग पाहिली. किल्ली लावली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून हळूच म्हणाले, "वहिनी, ह्यात रिव्हर्स कुठं असतो?"