साहेब आले आणि शेळी अडली

लोक सापाला भितात, पोलिसाला भितात. मी आयर्लंडच्या एका साहेबाला भीत होतो, आणि तोवर मी त्याला पाहिलंही नव्हतं.

केजच्या बसस्टँडसमोर त्याच्या कंपनीच्या नावानं मी बर्गर अन् तळलेल्या बटाट्यांचं दुकान घेतलेलं. कंपनीच्या पुण्याच्या मॅडमनी त्याची कहाणी ऐकवली होती. मेंढपाळाचं पोरगं, सोळाव्या वर्षी हातगाडीवर बटाटे तळायला लागलं, तीन दुकानं बुडाली, चौथं चाललं, आता देशोदेशी दुकानं. "एका दुकानात माशी दिसली, तर त्यांनी तिथल्या तिथं कुलूप लावलं," हेही त्या जाता जाता बोलल्या. (बाकीची कहाणी मी विसरलो. माशी तेवढी राहिली.)

साहेब पाहणीला येणार कळलं अन् माझी झोप उडाली. फरशी मी इतकी पुसली, की बायको म्हणाली, "बास करा आता. गिऱ्हाईक घसरून पडंल."

साहेब अकराला यायचे होते. साडेदहाला दारात जीप थांबली अन् आमच्या गावाहून, युसूफ वडगावहून, माझे वडील आप्पा उतरले. दोन्ही हातांवर गाभण शेळी.

"आप्पा, हे काय?"

"अडली हाय. जनावराचे डॉक्टर खेड्यात गेलेत. भाईर लई ऊन हाय, पंखा लाव."

"आज न्हाई आप्पा. साहेब येतोय."

"येऊ दे की. त्याला काय शेळी चावती का?"

तोवर सुनंदानं, म्हणजे बायकोनं, काउंटरपुढं पोतं अंथरलंसुद्धा. शेळी बसली ती उठेचना. मी तिला ढकलतोय, ती ओरडतेय, एवढ्यात पांढरी गाडी थांबली. मला काही सुचेना. स्वागताचा कापडी फलक ओढला अन् शेळीवर टाकला.

साहेब आत आले, मागून पुण्याच्या मॅडम. फलक ओरडला.

साहेबांनी फलक उचलला, खाली बघितलं, मनगटावरचं घड्याळ काढून मॅडमच्या हातात दिलं अन् बाह्या वर सारल्या. मला वाटलं, आता मार बसतो. "सर, माशी एकपण न्हाई," मी म्हणालो.

"गरम पाणी अन् साबण आणा म्हणतायत," मॅडम म्हणाल्या.

सुनंदा धावली. साहेब गुडघ्यावर बसले. दोन इवले खूर दिसले, एवढंच मला आठवतं, कारण पुढं मी आडवा झालो.

डोळे उघडले तेव्हा ओलं करडू उभं राहायला धडपडत होतं. आप्पा मला म्हणाले, "माणूस जाणकार हाय बे. पाय दुमडला होता, बराबर सरळ केला."

"शाळेत जायच्या आधी घरच्या अडलेल्या मेंढ्या हेच सोडवायचे," मॅडमनी सांगितलं.

"अन् माझं दुकान?"

साहेब काहीतरी बोलले. "आज बंद ठेवा, सगळं धुऊन काढा, म्हणतायत."

आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं. दुकान चालू ठेवावं, सुनंदाबाईंचं काम चोख, मालकानं मात्र संकटात डोकं शांत ठेवायचं शिक्षण पुण्यात घ्यावं. त्या धास्तीनं मला तापच भरला, म्हणून माझ्याऐवजी सुनंदा पुण्याला शिकून आली. आता गल्ल्यावर तीच बसते. मला बटाटे सोलायला दिलेत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं तिचं मत आहे.