हारुना-सानचा जोर

उत्तरा नागोयाला आली ती मोटारींच्या ब्रेकवर संशोधन करायला. बॉबस्लेड ही बर्फावरून घसरणारी शर्यतीची गाडी तिने फक्त टीव्हीवर पाहिली होती. पण तिच्या प्राध्यापकांनी एका महिला बॉबस्लेड संघाचं काम घेतलं आणि गाडी ढकलायच्या दांड्यांत सेन्सर बसवणं तिच्या गळ्यात पडलं. बर्फाच्या उतारावर सुटण्याआधी दोघी खेळाडू ही जड गाडी पळत ढकलतात, वेग आला की आत उडी घेतात. कोण केव्हा किती जोर लावतं, ते मोजायचं होतं.

उन्हाळ्यात नागानोच्या डोंगरात रुळांवरच्या चाकांच्या गाडीवर सराव चाले. मागून ढकलणारी हारुना, आदराने सगळ्यांची हारुना-सान, संघातली सगळ्यांत जुनी, अंगाने दणकट. तिच्यासारखा पहिला धक्का दुसऱ्या कुणालाच जमत नसे. पण सेन्सरवरून निघणाऱ्या तिच्या जोराच्या आलेखाची रेघ नंतर घसरायची आणि शेवटी शून्याच्याही खाली जायची. आपलंच काही चुकलं असणार, असं वाटून उत्तराने सेन्सर काढून पुन्हा जोडले, ताडून पाहिले. रेघ तीच. गाडीने वेग घेतला की हारुना-सानचे पाय मागे पडत; ढकलायचं राहून ती गाडीला लोंबकळत होती.

संघनिवड तोंडावर आली होती. खरं ते लपवणं उत्तराला जमणारं नव्हतं, पण कुणाच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर आपण काट मारायची, या विचाराने तिला जेवण जाईना. शेवटी प्राध्यापकांची परवानगी काढून तिने आलेख आधी हारुना-सानलाच दाखवला.

हारुना-सानने घसरत गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं.

"पाय कमी पडतात ते मला कळायचं," ती म्हणाली. "पण सगळे म्हणत, अजून जोर लावा. मग दांडी सोडवेना."

"जोर भरपूर आहे तुमचा. फक्त थोडं आधी आत बसून बघा."

सवय मोडायला वेळ लागला. एकदा पाय निसटून गुडघा चांगलाच सोलवटला. हळूहळू रेघ शून्याच्या वर टिकायला लागली. प्रशिक्षकांनी आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही आलेख पाहिले, आणि तरी मुख्य जागा एका तरुण मुलीला दिली. हारुना-सान राखीव राहिली. उत्तराला वाईट वाटलं. हारुना-सान मात्र दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला उडी कधी घ्यायची ते शिकवत होती.

उत्तरा पुन्हा ब्रेककडे वळली नाही. आता तिच्या प्रयोगशाळेत कुठल्याही खेळाडूचा आलेख आधी त्याच खेळाडूपुढे ठेवला जातो. यात वेळ जातो, अशी सहकाऱ्यांची कुरकुर असते. ती ऐकून घेते.